ताज्या बर्फात सहकुटुंब स्कीइंग: गुलमर्गच्या एका दिवसाचा बेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं पाच जणांचं कुटुंब फेब्रुवारीत तीन रात्रींसाठी गुलमर्गला जाणार आहे. विचारणाऱ्या ताईंनी कॉलेजात असताना तिथल्या संस्थेचा बेसिक कोर्स केला होता. १२ वर्षांची मुलगी औलीला आठवडाभर शिकून आली आहे. नवरा आणि ७ वर्षांचा मुलगा अगदी कोरे, आणि सोबत ६६ वर्षांच्या सासूबाई. पोचतील त्या रात्री दीड फूट बर्फ पडण्याचा अंदाज आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पावडरमध्ये, म्हणजे ताज्या, न दाबलेल्या भुसभुशीत बर्फात, स्कीइंग करता येईल का, गोंडोलाने (केबल कारने) वर जाऊन स्की करत खाली यावं का, असं त्या विचारतात.

सरळ उत्तर आधी देते. सगळ्यांनी मिळून पावडरमध्ये स्कीइंग जमणार नाही. सगळ्यांनी मिळून ताज्या बर्फाचा दिवस मजेत घालवणं मात्र नक्की जमेल. त्यासाठी गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या माथ्यावरून खाली येण्याचा बेत त्या दिवसापुरता मनातून काढून टाका. आणि पाचही जणांनी दिवसभर एकाच उतारावर राहायचं, हा हट्टही सोडा. मी हिवाळ्यात गुलमर्गलाच शिकवते आणि माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी महाराष्ट्रातली असतात. ताज्या बर्फाच्या सकाळी सगळ्यांचाच चेहरा खुललेला असतो. दुपारपर्यंत तो तसाच राहील की नाही, हे ठरतं सकाळी कोण कुठे गेलं यावर.

दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. तुमच्या मुलाच्या गुडघ्याच्या वर, जवळजवळ अर्ध्या मांडीपर्यंत. तुम्ही बेसिक कोर्समध्ये जे शिकलात ते सगळं दाबलेल्या बर्फावरचं होतं. स्नो बीटर (बर्फ दाबणारं यंत्र) फिरवून किंवा माणसांनी स्की घालून तुडवून उतार घट्ट केलेला असतो. त्यात स्कीच्या पोलादी कडा रुततात, कडेवर वजन टाकलं की वळण येतं, आणि टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली असा स्नो प्लाउ केला की वेग कमी होतो. भुसभुशीत बर्फात कडेला रुतायला काही सापडतच नाही. तिथे स्की बर्फाच्या आत आणि बर्फावर अशी मधेच कुठेतरी तरंगते. स्नो प्लाउ केला तर दोन्ही स्कींच्या पुढे बर्फाचा ढीग साचतो, स्की जागच्या जागी अडतात, आणि शरीर मात्र पुढे जातं. इथेच घोडं पेंड खातं. नवशिक्याला येणारा एकमेव ब्रेक नेमका या बर्फात चालत नाही.

दुसरी अडचण उलटीच आहे. शिकण्यासाठीचा सौम्य उतार घ्यावा म्हटलं, तर ४५ सेंटिमीटर न दाबलेल्या बर्फात त्यावर स्की पुढे सरकतच नाही. तरंगायला वेग लागतो, वेगाला उतार लागतो, आणि उतार वाढला की नवशिक्याच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून पावडरमध्ये पहिल्याच दिवशी शिकायला सुरुवात करणं मी कुणालाही सुचवत नाही, मग तो सह्याद्रीत दर रविवारी गड चढणारा असला तरी. चढायचा दम आणि तासभर गुडघे वाकवून उभं राहायची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निघायला तीन आठवडे असतील तर नवऱ्याला रोज बैठका मारायला लावा. भिंतीला पाठ टेकवून, मांड्या जमिनीला समांतर ठेवून मिनिटभर बसायचं, असं तीन-चार वेळा. पुढच्या मांड्यांची जी आग होईल, ती घरीच झालेली बरी.

मग ताज्या बर्फाचा या घराला फायदा काय? पुष्कळ. गुलमर्गच्या खालच्या मैदानात, गोल्फ कोर्सच्या बाजूला जे शिकण्याचे उतार आहेत, ते चार-पाच दिवस बर्फ पडला नाही की घासून गुळगुळीत होतात, आणि रात्रीच्या थंडीने सकाळी काचेइतके कडक असतात. त्यावर पडलं की कोपर आणि माकडहाड दोन्ही आठवणीत राहतात. रात्रीचा नवा बर्फ सकाळी तुडवला गेला, की तोच उतार मऊ, कडांना पकड देणारा आणि पडणाऱ्याला सांभाळून घेणारा होतो. लहान मुलाने पहिल्यांदा स्की पायात घालावी अशी याहून चांगली जमीन नाही. तुमच्या मुलाचा आणि नवऱ्याचा दिवस इथे जाईल, आणि जायलाच हवा.

आता दिवसाची आखणी. मुक्काम गुलमर्गमध्येच असावा, श्रीनगरला नको. बर्फ पडल्यावर टनमर्ग ते गुलमर्ग हा १३ किलोमीटरचा घाटरस्ता साफ होईपर्यंत अडतो, आणि नंतरही टनमर्गहून वर फक्त चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्या सोडतात. श्रीनगरहून सकाळी निघालेले लोक अशा दिवशी दुपारी बारा-एकला पोचताना मी पाहिले आहेत. तोवर उतारावरचा चांगला बर्फ स्लेजनी आणि बुटांनी खडबडीत करून टाकलेला असतो. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. ज्या हवेने तुम्हाला पावडर दिली, तीच श्रीनगरची विमानं रद्द करते.

अंदाजावरही फार विसंबू नका. काश्मीरचा हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांतून पडतो. ते एक दिवस लवकर किंवा उशिरा येणं नेहमीचंच आहे. २०२४ च्या जानेवारीत तर ते जवळजवळ आलेच नाहीत. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हा चिल्लई कलानचा ४० दिवसांचा कडाका बहुतांशी कोरडा गेला आणि गुलमर्गच्या उतारांवर माती दिसत होती. म्हणून तीन रात्रींपैकी 'हाच आपला स्कीचा दिवस' असं पुण्यातून ठरवून येऊ नका.

बर्फ पडत असताना बाहेर पडायचं का, हाही प्रश्न येईल. ढगाळ उजेडात बर्फावर सावल्याच पडत नाहीत. समोर खड्डा आहे की उंचवटा ते कळत नाही, वरखाली कळेनासं होतं आणि काहींना मळमळतं. मुलांना बर्फात लोळायला सोडा, पण शिकवणी उजेड स्वच्छ झाल्यावर. ऊन पडलेल्या सकाळी साडेनऊच्या सुमारास उतारावर असलात की पुरे. त्याआधी मुलाच्या बोटांना थंडी सोसत नाही.

साडेनऊला उतारावर असायचं तर बूट आदल्या संध्याकाळी भाड्याने घ्या. हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. सकाळी दुकानात झुंबड असते, दुकानदार जे हाताला लागेल ते पायात कोंबतो आणि दिवस तिथेच बिघडतो. बूट कसा बघायचा ते नीट सांगते. त्यात एकच मोजा घालायचा. लोकरीचा किंवा सिंथेटिक, पोटरीपर्यंत येणारा. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घातले की पाय आवळतो, रक्त खेळत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. थर्मल पँटचं टोक बुटाच्या आत खोचायचं नाही, बाहेर ठेवायचं. सुरकुती आली तर दोन तासांत नडगीवर वळ उठतो. पाय घालून टाच जमिनीवर आपटा, म्हणजे ती मागच्या कप्प्यात बसेल, मग बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर अंगठ्याचं टोक पुढे निसटतं लागलं पाहिजे, आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली की ते मागे सरकून मोकळं झालं पाहिजे. तेव्हा टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. नवशिके नेहमी मोठा बूट मागतात, कारण तो दुकानात आरामशीर वाटतो. उतारावर मात्र त्या बुटात पाय वळतो आणि स्की तशीच राहते.

बूट झाले की बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारा खटका. पडल्यावर स्की पायातून सुटावी यासाठी बाइंडिंगच्या स्प्रिंगचा ताण माणसागणिक बदलावा लागतो. तो वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि स्कीइंग किती येतं यावर ठरतो. दुकानदाराने मुलाचं वजन न विचारताच स्की हातात दिली, तर तुम्ही आपणहून सांगा आणि स्क्रू फिरवून घेतल्याशिवाय निघू नका. त्याला घाई असेल, राग येईल, येऊ दे. मोठ्या माणसाच्या ताणावर ठेवलेली बाइंडिंग लहान मुलाचा पाय सोडत नाही, आणि मग मोडायची पाळी नडगीच्या हाडावर येते. हेल्मेट सगळ्यांना. मुलाला पोल (हातातल्या काठ्या) नकोत, पहिले दोन दिवस ते हातात नुसती अडगळ.

मुलासाठी आणि नवऱ्यासाठी वेगवेगळे इन्स्ट्रक्टर घ्या. एकाच माणसाकडे बापलेकांना शिकवायला दिलं की तो दिवसभर बापालाच उचलत राहतो. मूल सकाळी दीड-दोन तास मन लावून शिकतं. त्यानंतर ते हट्ट करायला लागलं तर समजावत बसू नका, स्की काढा. सात वर्षांच्या मुलाला 'पिझ्झा' आणि 'फ्रेंच फ्राइज' म्हटलं की स्नो प्लाउ आणि सरळ स्की कळते. तिथले बहुतेक इन्स्ट्रक्टर हे शब्द वापरतातच, बाकी त्यांचं 'घुटना मोडो, आगे देखो' हिंदीत चालू असतं. दुपारी मुलाला न तुडवलेल्या बर्फात नुसतं उड्या मारायला सोडा. त्याच्या लेखी पावडर म्हणजे तेच, आणि ते बरोबरच आहे.

आता तुम्ही आणि तुमची मुलगी. पावडरची चव घेण्यासारखं तुमच्या दोघींकडे काहीतरी आहे, पण जुनं आणि थोडं. म्हणून पहिला तास दाबलेल्या उतारावर काढा. दोन्ही बाजूंना समांतर वळणं न अडखळता येताहेत, हवं तिथे थांबता येतंय, एवढं झालं की त्याच उताराच्या कडेला या. तिथे न तुडवलेला पट्टा असतो. बर्फ हातात घेऊन बघा. थंडी कोरडी असेल तर तो मुठीत आवळून गोळा होणार नाही, रांगोळीसारखा बोटांतून गळेल. ती खरी पावडर. आवळल्यावर घट्ट गोळा झाला तर तो ओला आणि जड बर्फ, त्यात गुडघे पिरगळतात, तो सोडून द्या.

कडेच्या पट्ट्यात आधी सरळ जा, वळू नका. नुसती उताराची दिशा धरा, स्की आपोआप वर येतील, मग दाबलेल्या भागात परत या आणि तिथे थांबा. दोन-तीनदा असं झालं की वळायला घ्या. दाबलेल्या बर्फावर आपण बाहेरच्या पायावर बहुतेक वजन टाकतो. इथे तसं केलं की तीच स्की बुडते, दुसरी वर राहते आणि तुम्ही बसकण मारता. पावडरमध्ये पाय जवळजवळ ठेवायचे आणि दोन्हींवर सारखं वजन द्यायचं. वळण खेचून घ्यायचं नाही, धीराने येऊ द्यायचं. गुडघे वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा, त्या लयीत स्की बर्फाच्या वर येते तेव्हा वळते. मागे रेलून बसायचं, हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. नव्या रुंद स्कींवर त्याची गरज नाही, आणि मागे रेललं की मांड्या पंधरा मिनिटांत संपतात. वजन पायाच्या मधोमध. दुकानात रुंद स्की मिळत असतील तर दुपारपुरत्या घ्या. बुटाखालची रुंदी शिकण्याच्या स्कीला ७५-८० मिलिमीटर असते, पावडरच्या स्कीला १०० किंवा त्याहून जास्त. फरक पहिल्याच वळणाला कळतो.

पडणार तुम्ही, त्यात काही नाही. उठणं अवघड असतं, कारण हात टेकवला की तो खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही पोल बर्फावर एकमेकांवर फुलीसारखे आडवे ठेवा, फुलीच्या मध्यावर तळहात टेकवा आणि उठा. स्की त्याआधी उतारावर आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला हव्यात.

स्की सुटून बर्फाखाली गेली तर बहुतेक जण खालच्या बाजूला शोधायला लागतात. स्की क्वचितच खाली गेलेली असते. तुम्ही वेगात होतात, ती सुटली आणि अडकली, तुम्ही पुढे गडगडलात. म्हणून ती जिथे पाय निसटला तिथे, म्हणजे तुमच्या वरच्या बाजूला असते. तिथे जाऊन पोल उलटा धरा आणि वीतभर अंतराने, ओळीओळीने, आडवे खोचत या. बर्फात नुसतं हात घालून उकरत बसलात तर अर्धा तास जातो आणि सापडायची राहते. स्की सापडली की लगेच पायात अडकवायला जाऊ नका. आधी पाय आपटून पाटाएवढी घट्ट जागा करा, स्की उतारावर आडवी ठेवा, बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ पोलच्या दांड्यावर घासून पूर्ण काढा. नखाएवढा बर्फ राहिला तरी बाइंडिंग लागत नाही, आणि अर्धवट लागली तर पुढच्या वळणाला पुन्हा सुटते. दोन्ही सुटल्या असतील तर खालच्या पायाची आधी.

एवढं अंगवळणी पडलं आणि इन्स्ट्रक्टरने हो म्हटलं, तर दुपारी गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगडोरीपर्यंत जा आणि त्याच्या मागोमाग खाली या. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर, कोंगडोरी साधारण ३०८०. तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं. झाडांमधून जाताना खोडाला लगटू नका. फांद्यांखाली बर्फ कमी पडतो आणि खोडाभोवती वरून न दिसणारा खड्डा राहतो. त्यात डोकं खाली होऊन पडलेल्या माणसाला स्वतःहून निघता येत नाही. मुलीला कायम तुमच्या पुढे आणि नजरेसमोर ठेवा, मागे कधीच नाही.

राहिला माथा. गोंडोलाचा दुसरा टप्पा कोंगडोरीहून अफरवटच्या खांद्यावर, ३९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. पहिला टप्पा १९९८ पासून चालू आहे आणि दुसरा २००५ पासून, आणि या दुसऱ्यामुळेच जगभरचे पावडरवेडे गुलमर्गला यायला लागले. पण वर उतरल्यावर समोर जो पांढरा डोंगर दिसतो तो युरोपातल्या रिसॉर्टसारखा आखलेला, दोऱ्या बांधलेला आणि पूर्ण राखलेला नाही. गोंडोलाच्या लगतचा भाग स्की पेट्रोल, म्हणजे उतारावरचं गस्तीपथक बघतं, हिमस्खलनाचा धोका वाटला तर टप्पा बंद ठेवतं. त्याच्या पलीकडे गेलात की तुमचं तुम्ही.

हिमस्खलन बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे नेमका तोच उतार, ज्यावर पावडर खेळायला सगळ्यात मजा येते. धोका सर्वांत जास्त असतो तो मोठ्या बर्फवृष्टीच्या वेळी आणि नंतरचे एक-दोन दिवस. शिवाय वारा सुटला असेल तर एका बाजूचा बर्फ उचलून तो दुसऱ्या बाजूला जाड थर रचतो. अपघातात कोसळलेला थर बहुतेक वेळा सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच वजनाने सुटलेला असतो. आणि उतारावर कुणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणजे तो सुरक्षित, असं मुळीच नाही. सह्याद्रीत मळलेली वाट दिसली की आपण निर्धास्त निघतो. ही सवय इथे घातक आहे, आधीचे पाच जण सुखरूप उतरले आणि सहाव्याला थर सुटला असं होतं.

हे ऐकीव नाही. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गजवळ खिलनमर्गच्या उतारावर लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थींवर बर्फ कोसळला आणि डझनाहून अधिक जवान गेले. बर्फातच प्रशिक्षण घेणारी माणसं ती. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. बर्फाखाली गाडलेल्याला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी सुमारे नऊ जण वाचतात, अर्धा तास उलटला तर जेमतेम तीन. एवढ्या वेळात खालून मदत पोचत नाही. म्हणून वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), पाठीवर फावडं आणि जोडून लांब होणारी शोधकाठी हवी, आणि ती वापरायचा सराव हवा. तुमच्या घरात हे कुणाकडे नाही, म्हणून मी नाही म्हणते आहे. 'एक गाइड बरोबर घेतला तर?' असं विचाराल. गाइड गाडला गेला तर त्याला उकरणार तुम्ही आणि तुमची बारा वर्षांची मुलगी. उत्तर तेच राहतं.

दुसऱ्या टप्प्याने नुसतं दृश्य बघायला जाणं वेगळं. हवा स्वच्छ असेल, टप्पा चालू असेल, तर जा, बघा आणि गोंडोलानेच खाली या. तेही पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको. तिथे समुद्रसपाटीच्या मानाने साठ-बासष्ट टक्केच ऑक्सिजन मिळतो, आणि पुण्याहून आलेलं शरीर एका रात्रीत त्याला सरावत नाही. सासूबाईंना रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असेल तर कोंगडोरीपर्यंतच न्या, आणि तेही त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

सासूबाईंचा दिवस आधी ठरवा, नाहीतर त्या 'तुम्ही जा रे, मी बसते खोलीत' म्हणतील आणि दिवसभर खिडकीतून तुम्हाला शोधत राहतील. शिकण्याच्या उताराच्या कडेला एखाद्या टपरीवर खुर्ची, पाठीशी ऊन, हातात कहवा, आणि नातू पडताना-उठताना समोर दिसेल अशी जागा. टाचेला पकड असलेले गमबूट टनमर्गला किंवा गुलमर्गला भाड्याने मिळतात. बुटांवर बांधायच्या काटेरी पट्ट्या मिळाल्या तर त्याही घ्या, कारण दुपारनंतर रस्ता चांगलाच निसरडा होतो. स्लेजवाले मागे लागतील. भाव आणि अंतर आधी ठरवा, मग बसा. पण शेवटच्या पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका. माणूस ओढत नेतो तुम्हाला, त्याचा हंगाम तीन महिन्यांचा असतो. हॉटेलांच्या पत्र्याच्या छपराखाली मात्र कुणीच उभं राहू नये, मुलांनी तर नाहीच. ऊन चढलं की छपरावरचा रात्रीचा थर एकदम खाली येतो आणि तो मऊ नसतो.

कपड्यांबद्दल एवढंच, की जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा. मुलाला बोटांचे हातमोजे घालण्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे घाला आणि एक कोरडा जोड तुमच्या जॅकेटच्या आत ठेवा. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावायचं, आणि गॉगल ढगाळ असलं तरी काढायचा नाही. उतारावर बायकांसाठी स्वच्छतागृहांची बोंब आहे, म्हणून हॉटेल उताराच्या जवळचं घ्या. शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू खिशात असू द्या, थंडीत मुलं भूक लागली असं सांगत नाहीत, नुसती रडतात.

फोनवर भिस्त ठेवू नका. महाराष्ट्राचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, आणि थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. एकमेकांना भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा, दीड वाजता सासूबाईंच्या खुर्चीपाशी असं काहीतरी. मुलाच्या जॅकेटच्या आतल्या खिशात हॉटेलचं नाव आणि दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

साडेतीननंतर नवी फेरी सुरू करू नका. ऊन डोंगराआड गेलं की दुपारी मऊ पडलेला बर्फ झपाट्याने कडक होतो, पाय दमलेले असतात, आणि 'एक शेवटची' म्हणून घेतलेल्या फेरीतच गुडघे जातात. तुमचा तिसरा दिवस शिल्लक आहेच. झाडीतली, सावलीतली पावडर दुसऱ्या दिवशीही टिकते, आणि तेव्हा मुलगा बहुधा तुमच्याशिवाय ड्रॅग लिफ्टला (स्कीवाल्याला उतारावर ओढत वर नेणाऱ्या दोराला) लटकायला लागलेला असेल. इन्स्ट्रक्टर मात्र दोन्ही दिवसांसाठी एकदमच ठरवून ठेवा. बर्फ पडल्याची बातमी श्रीनगरला पोचली की दुसऱ्या सकाळी चांगला माणूस मोकळा सापडत नाही.